कायम माणसाचा ब्रेक

सुकदेवभाऊंची नोकरी वाचली. बावीस सप्टेंबरला कंपनीने त्यांना परत घेतलं, एचआरच्या साहेबांनी स्वतः हात मिळवला आणि कँटीनमध्ये त्या दिवशी शेवभाजी होती.

आता हे तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. कंपनीच्या कागदांनुसार असं काही घडलंच नाही, आणि कागदापुढे जाणारा मी कोण? तेव्हा भाऊंची नोकरी अजून जायची आहे, असं धरून पहिल्यापासून सुरू करू.

माझं नाव भूषण. राहणार असोदा. जळगावच्या एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. ‘कंपनीत’ हे सवयीने म्हटलं. मी ठेकेदाराचा माणूस. कंपनीच्या गेटातून आत जातो, कंपनीच्या मशीनवर कंपनीचे पाइप कापतो, बोट कापलं तर कंपनीच्याच फरशीवर रक्त सांडतो. पण कंपनी मला ओळखत नाही. सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गल्लीतलं कुत्रंही ओळखायला लागतं.

ठेक्यावरच्या माणसाला सात महिने झाले की ब्रेक देतात. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायदा त्या माणसाकडे मान वळवून बघायला लागतो. म्हणून कायद्याने मान वळवायच्या आत माणूस गेटाबाहेर. शेवटच्या दिवशी सुपरवायझर म्हणतो, “उद्यापासून ब्रेक.” आपण गेटवर ओळखपत्र जमा करायचं, वॉचमन रजिस्टरला नाव लिहितो, आपण घरी. पंधरा दिवस, महिना, कधी दोन महिने. मग ठेकेदाराचा फोन येतो. किंवा येत नाही. आपण फोन करून विचारायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. विचारतो तो कटकट्या, आणि कटकट्याला कोणी परत बोलवत नाही.

मला याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. ब्रेक मिळाला की मी दोन दिवस झोपतो. जी गोष्ट आपली नाहीच ती जाणार कुठून? माझा आत्मविश्वास या एका वाक्यावर उभा आहे, तेव्हा त्याला कोणी धक्का लावू नये.

सुकदेवभाऊंचं तसं नव्हतं. ते कायम होते.

भाऊ मूळचे धुळ्याकडचे, वय पंचेचाळीस. धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत एका कारखान्यात अकरा वर्षं ठेक्यावर होते. दर सात महिन्यांनी ब्रेक. असे सतरा ब्रेक घेतले आणि सतरा वेळा परत गेले. अठराव्या ब्रेकमध्ये हे घरी फोनची वाट बघत बसले आणि तिकडे कारखानाच बंद पडला. कोणी कळवलं नाही. ब्रेकवर असलेल्या माणसाला काय कळवायचं? तो आत नसतोच. दोन महिन्यांनी भाऊ सहज गेटवरून गेले तेव्हा कुलूप दिसलं.

मग तीन वर्षं आणि चार महिने बेकारी. त्याबद्दल भाऊ फार बोलत नाहीत. एवढंच सांगतात, की लग्नाकार्यात लोक तब्येत विचारत नाहीत, “कोठे शे आते?”, म्हणजे हल्ली कामाला कुठे, एवढंच विचारतात. त्यामुळे भाऊंनी लग्नाला जाणं सोडलं. मग मयतीला जाणंही सोडलं, कारण स्मशानातसुद्धा लाकडं पेटेपर्यंत लोकांना वेळ असतो.

पुढे आमच्या कंपनीला एक्स्ट्रूडरवर बसलेला हात हवा होता. एक्स्ट्रूडर म्हणजे दाणे वितळवून पाइप बाहेर ढकलणारं मशीन. त्याचा आवाज ऐकून भाऊ सांगतात, की आत तापमान चार डिग्रीने चुकलंय. असा माणूस ठेकेदाराकडे मिळेना, म्हणून कंपनीने नाइलाजाने एक फेब्रुवारीला भाऊंना कायम केलं. पत्र दिलं. हिरव्या पट्टीचं ओळखपत्र दिलं. आमच्या पट्ट्या पिवळ्या.

माणसाला वाटेल, आता भाऊ पाय पसरून झोपले असतील. भाऊंची झोपच उडाली. पहिल्या पाळीला चाळीस मिनिटं आधी येऊन गेटबाहेर उभे. मशीन सोडावं लागू नये म्हणून पाणी पीत नसत. ताप आला तर दोन गोळ्या खाऊन कामावर, कपाळाला हात लावू देत नसत. कायमचं पत्र लॅमिनेट करून थैलीत, थैली डब्याखाली, डबा मांडीवर. मी विचारायचो, “भाऊ, हक्काच्या रजा आहेत ना तुम्हाला?” तर म्हणायचे, “शेतस ना. ऱ्हाऊ दे. वापऱ्यात म्हणजे त्यासना ध्यानमा इन, का आपण शेतस आठे.” रजा घेतली तर आपण इथे आहोत हे कंपनीच्या लक्षात येईल, ही भीती.

जुलैमध्ये एचआरने कामगारांचा आनंद मोजला. खरंच मोजला. पुण्याहून दोन मुली आल्या होत्या, हातात फॉर्म, त्यावर हसरे-रडके चेहरे. ‘तुम्ही तुमच्या नोकरीत किती सुखी आहात? शून्य ते दहा.’ हा प्रश्न फक्त कायम लोकांना. आमचं काम खुर्च्या मांडणं. भाऊंनी सगळ्या रकान्यांत दहा लिहिले. ‘तुम्हाला नोकरी जाण्याची भीती वाटते का?’ याच्यापुढेही दहा. नंतर कोणी सांगितलं, की तिथे शून्य लिहायचं होतं, तेव्हा ते खोडरबर शोधत एचआरच्या दारात दीड तास उभे होते. फॉर्म पेनाने भरलेला होता.

तर ऑगस्टचा शेवटचा दिवस. आमचा एक्केचाळीस जणांचा ब्रेक होता, माझा नववा. पाळी सुटली, गेटवर ओळखपत्रं जमा करायची रांग लागली. माझ्यापुढे सुकदेवभाऊ. त्यांनी हिरव्या पट्टीचं कार्ड गळ्यातून काढलं आणि खिडकीत ठेवलं.

मी म्हटलं, “काय भाऊ, तुम्हालाबी ब्रेक?”

“हां ना भो. सात महिना व्हयनात.”

मी हसलो. असा हसलो, की मागचे चार जणही हसले. म्हटलं, भाऊ आज पहिल्यांदा जोक मारताहेत, दाद द्यायला पाहिजे. वॉचमन एजन्सीचा, कार्डाचा रंग बघायचं त्याला कोणी सांगितलेलं नाही. आमची एक्केचाळीस नावं त्याने आधीच लिहून ठेवली होती, त्याखाली बेचाळिसावं लिहिलं, भाऊंनी सही केली, आणि थैली काखेत मारून निघून गेले.

ते जोक मारत नव्हते.

सहा तारखेला हारुनभाईंचा फोन आला. हारुनभाई आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतात, कायम आहेत, भाऊंच्या शेजारच्या टेबलावर डबा खातात.

“भूषण, सुकदेव कुठे आहे? बोर्डावर नोटीस लागली. दहा तारखेपर्यंत हजर नाही झाला तर स्वतःहून नोकरी सोडली असं धरणार.”

“फोन करा ना त्यांना.”

“उचलत नाही.”

“एचआरने केला का?”

“एचआरने धुळ्याच्या जुन्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकलं. त्या घरात सुकदेव तीन वर्षांपासून राहत नाही. एचआरला माहीत आहे. अ‍ॅडव्हान्सच्या अर्जावर नवा पत्ता मीच लिहून दिला होता.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक कायम माणूस आपणहून कमी होतोय, तर कंपनीला हाक मारायची काय घाई? त्याच्या जागी पिवळ्या पट्टीचे दोन येतात. दहा दिवस गप्प बसायचं, एवढंच काम. त्याचा त्यांना पगार मिळतो.

मी भाऊंच्या घरी गेलो. प्रमिलावहिनींनी चहा टाकला. चेहरा खुललेला.

“अरे, त्यांना कंपनीने धुळ्याला ट्रेनिंगला पाठवलंय. पंधरा दिवस. तुला नाही पाठवलं?”

“नाही वहिनी. मला सगळं येतं.”

“तेच म्हणत होते, हुशार माणसांना निवडतात म्हणून.” मग कप ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, “भूषण, खरंच ट्रेनिंग आहे ना रे? मागच्या वेळी कारखाना बंद झाला तेव्हा परत बोलावलं असं सांगून सहा महिने रोज डबा घेऊन जायचे. मी रोज भाकरी करून द्यायची. सहा महिने!”

मी म्हटलं, ट्रेनिंगच आहे. कप तसाच ठेवून निघालो.

आठ तारखेला सकाळच्या एसटीने धुळं गाठलं. एरंडोल गेलं, पारोळा गेला, माझा राग मात्र उतरत नव्हता. भाऊ कुठे असतील याचा विचार करावा लागला नाही. ब्रेक झालेला माणूस कुठे जातो? जिथून बोलावणं येतं तिथे. मी रिक्षाने थेट अवधानला, त्यांच्या जुन्या कारखान्याच्या गेटवर.

कारखाना बंदच होता. आता तिथे पार्सलं ठेवायचं गोदाम आहे. गेटच्या डाव्या बाजूला सुकदेवभाऊ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, काखेत थैली.

त्यांच्यामागे चौदा माणसं रांगेत उभी होती.

मी शेवटच्याला विचारलं, “कशाची लाइन आहे?”

“भरती आहे.”

“कोण म्हणालं?”

त्याने पुढच्याकडे बोट केलं. पुढच्याने त्याच्या पुढच्याकडे. असं करत मी भाऊंपर्यंत पोचलो. झालं होतं ते असं: पहिल्या दिवशी भाऊ एकटेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी, कारखान्याच्या गेटवर एक माणूस कागदं घेऊन उभा आहे म्हटल्यावर दोन पोरं मागे लागली. तिसऱ्या दिवशी पाच झाले. चौथ्या दिवशी रांग एवढी झाली, की भाऊंनाच वाटलं, इथे खरंच भरती आहे.

“इतला लोके काय उगाच उभा ऱ्हातीन का?” भाऊ मला म्हणाले. “मना पहिला नंबर शे.”

“भाऊ, चला.”

“आरे, नंबर जाई ना मना!”

“भाऊ, तुम्ही कायम आहात! जळगावला! तुम्हाला कोणी काढलेलं नाही!”

“माहीत शे माले.”

“मग इथे काय करताय?”

“सात महिना व्हयनात. कोन्ही काही बोलनं नही. मी म्हटं, बोलाना आधी आपणच जाई ऱ्हाऊ. आपण गयात ते परत बलावतस. त्यासनी काढं ते नही बलावत.”

“कायम माणसाला ब्रेक नसतो, भाऊ.”

“आसं कोठे लिखेल शे?”

आणि थैलीतून त्यांनी ते लॅमिनेट केलेलं पत्र काढलं. मी वाचलं. दोनदा वाचलं. वेतन होतं, पाळ्या होत्या, गणवेश स्वच्छ ठेवावा हे होतं. तुम्हाला सात महिन्यांनी बाहेर काढणार नाही, हे कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याला ते लिहायची गरज वाटली नसेल. त्याच्या बापाला कोणी ब्रेक दिला नसेल.

“फोन का उचलत नाही तुम्ही?”

“लाइन मोकळी पाहिजे ना. ठेकेदारना फोन उना आन एंगेज लागना ते?”

कुठला ठेकेदार? त्यांना ठेकेदारच नव्हता. मी तिथे रस्त्यावर असा ओरडलो, की गोदामाचा वॉचमन बाहेर आला. भाऊंवर ओरडलो, मग पत्रावर, मग रांगेवर. रांगेला म्हटलं, “घरी जा! इथे काही नाही!” कोणी हललं नाही. मी भाऊंचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं, तशी सगळी रांग एक पाऊल पुढे सरकली. दुसऱ्या नंबरच्या पोराचा चेहरा असा उजळला, की त्याला मारावंसं वाटलं.

नऊ तारखेला आम्ही जळगावच्या गेटवर हजर. भाऊंना आत सोडेनात. ओळखपत्र नव्हतं. ओळखपत्र गेटच्या आतल्या ड्रॉवरमध्ये, आणि ते घ्यायला आत जायचं तर ओळखपत्र पाहिजे. दोन तासांनी हारुनभाई जेवायच्या सुट्टीत आले, त्यांनी भाऊंचा हजर होण्याचा अर्ज आत नेला आणि आवक शिक्का मारून पोच आणली. एक दिवस आधी. लीलाधर साहेबांचा नाइलाज झाला. लीलाधर साहेब म्हणजे आमचे एचआर. त्यांनी वीस तारखेला चौकशी लावली. आरोप: ‘स्वखुशीने ओळखपत्र जमा करून नोकरीचा त्याग करणे.’

चौकशीत कामगाराला आपल्या बाजूने एक सहकारी घेता येतो. मी म्हटलं, मी बसतो. लीलाधर साहेब गोड हसले. “भूषण, सहकारी म्हणजे कंपनीचा कामगार. तू आमचा नाहीस ना.”

मग कायम माणूस शोधायला लागलो. दोनशे दहा कायम माणसं. सगळ्यांना भाऊंची दया येत होती. एकाला त्याच दिवशी डोळे तपासायचे होते, एकाच्या साडूकडे वास्तुशांत, एक म्हणाला मला बोलता येत नाही, आणि हे तो पाऊण तास बोलत होता. ज्याला कोणी काढू शकत नाही तो माणूस इतका घाबरलेला मी आधी पाहिला नव्हता. नंतर लक्षात आलं, यातला प्रत्येक जण कधी ना कधी घरी बसलेला होता. कोणी सहा महिने, कोणी चार वर्षं.

शेवटी हारुनभाईंना गेटबाहेर ट्रक भरताना गाठलं. ते फोर्कलिफ्टवरून उतरले नाहीत.

“मी पण दोन साल घरी बसलेलो आहे, भूषण. अमिनाबीला माहेरी पाठवलं होतं त्या टायमाला. मला नको सांगू.”

“मग भाऊंनाही पाठवा घरी.”

फोर्कलिफ्ट बंद झाली. ते सीटच्या पट्ट्याशी खेळत राहिले. “बसेन. पण बोलणार नाही. एक शब्द नाही.”

“चालेल.”

अशा रीतीने भाऊंना एक मुका प्रतिनिधी मिळाला.

चौकशी अधिकारी जळगावचेच एक म्हातारे वकील होते. कंपनीनेच नेमलेले, त्यामुळे आम्ही आशा सोडून गेलो होतो. पण या माणसाला एक रोग होता. जे कानावर पडेल ते सगळं लिहून घ्यायचा, आणि लिहिल्याशिवाय पुढे जायचा नाही. लीलाधर साहेब शिंकले तर म्हणाला, “हे लिहायचं का?”

“तुम्हाला ब्रेक घ्यायला कोणी सांगितलं?” त्यांनी भाऊंना विचारलं.

“कोन्ही नही, साहेब.”

“कायम कामगाराला ब्रेक देतात, असं कुठे लिहिलंय?”

“नही देतस, आसंबी कोठे लिखेल नही, साहेब.”

वकिलांनी ते लिहिलं. लिहिताना मान हलवली.

मग कंपनीने साक्षीदार बोलावला. साक्षीदार मी. भाऊंनी कार्ड स्वतःच्या हाताने ठेवलं, हे मी मागे उभा राहून पाहिलं होतं ना!

“तुम्ही कोण?” वकील.

“कामगार.”

“कंपनीचा नाही,” लीलाधर साहेब म्हणाले.

“मग त्या वेळी गेटवर काय करत होता?”

मी म्हटलं, “साहेब, मी पाहुणा. सहा वर्षांपूर्वी आलो होतो. नऊ वेळा घरी जाऊन आलो. इथले लोक फार आग्रह करतात.”

“हे लिहायचं का?”

“लिहा.”

“नका लिहू,” लीलाधर साहेब म्हणाले. हसणं तेवढंच होतं, फक्त दात कमी दिसायला लागले होते. “सर, साक्षीदार राहू द्या. आपल्याकडे रजिस्टर आहे. सुकदेवची सही आहे.”

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पानावर पट्टी ठेवली. पट्टीखाली एकच ओळ दिसत होती: बेचाळीस, सुकदेव, सही. भाऊंनी मान खाली घातली. सही त्यांचीच होती. आता एवढं एक पान जोडलं, की त्यांची नोकरी संपली, हे सगळ्यांना कळत होतं. भाऊ थैलीचा बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. एक्स्ट्रूडरचा आवाज भिंतीतून येत होता. भाऊ पुटपुटले, “जास्त तापी ऱ्हायनं ते.” स्वतःची नोकरी जाताना माणूस मशीनची काळजी करत होता! मला त्या क्षणी कंपनी पेटवून द्यावीशी वाटली. पण मला तेव्हाही वाटलं, पेटवली तर मला परत बोलावणार नाहीत.

तेव्हा हारुनभाई बोलले. एकच वाक्य.

“साहेब, वरची एक्केचाळीस नावं पण वाचा.”

वकिलांनी पट्टी उचलली. वर मोठ्या अक्षरात ‘ब्रेक’ लिहिलेलं होतं. खाली आमची नावं, कितवा ब्रेक, किती दिवस भरले, परत कधी घ्यायचं. माझ्यापुढे: नववा. प्रत्येक पानावर कंपनीचा शिक्का.

“हे काय आहे?”

“ते… ते या प्रकरणाशी संबंधित नाही,” लीलाधर साहेब म्हणाले. “सर, फक्त ती ओळ घ्या.”

“अर्धं पान पुरावा होत नाही. पूर्ण पान जोडावं लागेल. निशाणी चार.” वकिलांनी पेन उचललं. “ही सगळी माणसं कंपनीची नाहीत, पण त्यांचे दिवस कंपनी मोजते, असं लिहायचं का?”

लीलाधर साहेबांनी दहा मिनिटं चहाची वेळ मागितली. चहा पंचावन्न मिनिटं चालला. त्यात वरून कोणाचा तरी फोन आला, मग कोणाला तरी फोन गेला.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक टाइप केलेला कागद होता. कामगार श्री. सुकदेव हे दिनांक एक ते वीस सप्टेंबर या काळात कंपनीच्या आदेशाने धुळे येथे प्रशिक्षणासाठी गेले होते. सबब गैरहजेरीचा प्रश्न उद्भवत नाही. सबब नोटीस काढलेली नाही. सबब चौकशी झालेली नाही. वकिलांनी विचारलं, मग मी इथे कशाला आलो? लीलाधर साहेब म्हणाले, चहाला.

भाऊंना प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्रसुद्धा मिळालं. प्रमिलावहिनींनी ते भिंतीवर लावलं आहे.

बावीसला भाऊ आत गेले. रजिस्टरमधलं ते पान त्याच्या आदल्या दिवशीच गेलं होतं. वॉचमन म्हणतो, तिथे पान कधी नव्हतंच. आम्ही एक्केचाळीस जण त्या पानावर होतो, त्यामुळे आम्हीही कधी नव्हतो. चाळिसांना नोव्हेंबरपर्यंत फोन आले. मला आला नाही. मी कटकट्या.

मला काही वाटत नाही म्हणालो होतो ना? ते खोटं होतं. गेले तीन महिने मी फोन उशाशी नाही, हातात घेऊन असतो. काल आईचा फोन आला, मी उचलला नाही. मग कळलं मी काय केलं, आणि भिंतीवर फोन आपटणार होतो. तेही केलं नाही, फुटला तर?

मागच्या रविवारी भाऊ असोद्याला आले. सुट्टीचा दिवस होता, तरी गणवेशात. अंगणात बसले, पाणी दिलं तर प्यायले नाहीत.

“भूषण, तुना मुळे वाचनू मी.”

“बरं.”

“एक इचारू? बावीस सप्टेंबरपाईन धरं ते एप्रिलमा सात महिना व्हतीन.”

मी ताडकन उठलो. “भाऊ! हात जोडतो तुम्हाला! दोनशे दहा माणसं आहेत कायम, कोणी महिने मोजतं का?”

“बठ्ठा, सगळा मोजतस,” भाऊ शांतपणे म्हणाले. “सांगतस नही.”

“काय पाहिजे तुम्हाला? अजून काय द्यायचं कंपनीने? पत्र दिलं, कार्ड दिलं, साहेबाने हात मिळवला…”

“ते बठ्ठं नोकरीनं शे, भो. नोकरी लागनी त्यानं पत्र शे मनाजोडे. बेकारी सरनी, त्यानं पत्र कोठे शे? ते माले कोन्ही दिधं नही.”

मला भयंकर राग आला. राग भाऊंचा नव्हता. कोणाचा होता, ते सांगायला समोर कोणी नव्हतं. बंद कारखान्याचा मालक नाशकात कुठेतरी सुखात आहे, ठेकेदार दुसऱ्या नावाने ठेका चालवतो, लीलाधर साहेबांना बढती मिळाली. भाऊंच्या आत तेवढा तो अठरावा ब्रेक चालूच आहे, आणि तो कोणी संपवत नाही.

मी घरात जाऊन फुलस्केप कागद आणला आणि अर्ज लिहिला. भाऊंनी अर्ज वाचला, दोनदा वाचला, आणि खाली सही केली. कोणाला द्यायचा ते अजून ठरलेलं नाही. पाच कार्यालयांत फिरवला. प्रत्येकाने सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. तरी मजकूर खाली देतो. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या अखत्यारीत बसत असेल तर बघावं.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी (जे कोणी असतील ते)

विषय : बेकारीतून कार्यमुक्त करण्याबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार, धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी मिळून तीन वर्षे चार महिने बेकार या पदावर होतो. सदर कालावधीत मी एकही रजा घेतलेली नाही. त्यानंतर मी कायम नोकरीत रुजू झालो असून माझ्या आधीच्या पदावरून मला आजतागायत कार्यमुक्त करण्यात आलेले नाही. त्यामुळे मला दोन्ही ठिकाणी एकाच वेळी हजर राहावे लागत आहे. हे नियमात बसत नाही.

तरी मला सदर पदावरून पूर्वलक्षी प्रभावाने कार्यमुक्त करण्यात यावे, मला त्या पदावर पुन्हा बोलावण्यात येणार नाही असे स्पष्ट शब्दांत नमूद करावे, आणि तसे पत्र गोल शिक्क्यासह एकवीस एप्रिलपूर्वी, कार्यालयीन वेळेत, पहिली पाळी सुरू होण्याच्या आत देण्यात यावे, ही विनंती.